आत्याचा अडकित्ता

बेळगावहून ग्वाल्हेरला जायचे तर गोवा एक्स्प्रेस सोयीची, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. २०२४ च्या डिसेंबरात मी निघाले तेव्हा आईने कुंदा, सांडगे आणि एक काम सोबत दिले. "वन्संना एक अडकित्ता घेऊन दे. टिकाऊ बघ. मोराबिराचा नको."

आत्याचे लग्न १९६६ साली झाले आणि ती बेळगावातून थेट लष्करात गेली. सैन्यात नव्हे हो! दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० मध्ये जिथे पडली, ग्वाल्हेरच्या त्या भागाचे नावच लष्कर. आजोबांनी तिला दिलेला लोखंडी अडकित्ता तिच्याबरोबर गेला आणि तिथे त्याला तिसरे नाव मिळाले. सासरच्या मोलकरणी त्याला सरौता म्हणत, सासूबाई अडकित्ता म्हणत आणि आत्या स्वतः, धारवाडच्या आईची लेक, आजतागायत अडकत्तरी म्हणते. आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नकोच, अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. मराठी शब्द कानडीतूनच आला, असे अभ्यासक मानतात. घरात सून कानडी असो की मराठी, या एका वस्तूवरून भाषेचे भांडण करता येत नाही.

आता त्या अडकित्त्याची खीळ झिजली होती. पाते मिटताना बाजूला सरकायचे. दिवाळीत आत्याच्या अंगठ्याचे कातडे त्यात सापडले आणि चांगलेच रक्त आले. वय अठ्ठ्याहत्तर, बोटांत पूर्वीची ताकद नाही. म्हणून नवा हवा, एवढेच मला वाटले होते.

पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी वहिनीने स्वयंपाकघरात गाठले. "अडकित्ता आणायचा नाही," ती हळू पण ठाम आवाजात म्हणाली. त्यांचा धाकटा कॉलेजात असल्यापासून पुडीतली सुपारी चघळत असे. तंबाखू नाही ना, मग काय होते, असे त्याचे म्हणणे. गेल्या वर्षी त्याला तिखट लागेनासे झाले, पुढे तोंड नीट उघडेना. डॉक्टरांनी तोंडात उभी तीन बोटे घालायला सांगितली, दोनच गेली. गालाच्या आतले कातडे ताठ होत जाते, सुपारीने होणारा हा आजार आता कोवळ्या मुलांतही दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर २००४ मध्येच, तंबाखू बाजूला ठेवून, नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. तेव्हापासून घरातला सुपारीचा डबा वहिनीने माळ्यावर टाकला होता.

आणि आत्या? तिला दातच उरलेले नाहीत. ती सुपारी खात नाही. पण जेवणे झाली की तबक पुढे ओढायचे, पान लावायचे, सुपारी कातरून पाहुण्याच्या तळहातावर ठेवायची, हे तिने त्या घरात जवळजवळ साठ वर्षे केले. परक्या गावात तिला मान मिळाला तो या तबकापाशी. "पुडी मी दिली का त्याला?" ती मला म्हणाली. "माझी अडकत्तरी का लपवता?"

अडकत्तरियल्लि सिक्क अडिके, असे कानडीत म्हणतात. माझे तसेच झाले. दोन्ही पात्यांचे म्हणणे खरे होते.

दुसऱ्या दिवशी दादाने मला जयविलास राजवाडा दाखवला. १८७४ साली जयाजीरावांनी बांधलेला. जेवणाच्या लांब टेबलावर रुळ टाकलेले आणि त्यावर चांदीची आगगाडी. जेवणानंतर ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. पाहुण्याने भांडे उचलले की गाडी थांबे. मला आत्याचे तबक आठवले. सिगारचेही बंद टोक ओढण्याआधी कापावे लागते आणि पाते बोथट असेल तर पान चिरडते, सिगार उसवत जाते. म्हणजे महाराजांच्या पाहुण्यालाही एक बारका अडकित्ता लागतच असणार. कापणे आणि चिरडणे यांतला फरक सगळीकडे सारखा.

परतताना मी लोहिया बाजारात उतरले. दादा म्हणाला, "सुमनने सांगितलंय ना?" मी म्हटले, "बघते तर खरी."

दुकानदाराने आधी पितळी मांडले. दिसायला देखणे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात असे पुष्कळ पाहिले आहेत, मोर, पोपट, घोडे. पण पितळ मऊ, खिळीचे भोक थोड्याच दिवसांत रुंदावते आणि पाते डुलू लागते. ते बाजूला ठेवायला लावले. मग पत्रा कापून केलेले चकचकीत स्टीलचे. उघडून हलवले तर खुळखुळले. शेवटी मागच्या खोक्यातून घडीव लोखंडाचे, पोलादी पात्याचे तीन निघाले. एकेक मिटून उजेडाकडे धरला. पाते आणि खालची बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तो बाद. उरलेल्या दोघांत मी लांब दांड्यांचा घेतला, कारण दांडी लांब आणि घास खिळीजवळ, तर हाताला जोर कमी लागतो. आणखी एक गोष्ट आजोबांनी शिकवली होती. पाते पूर्ण मिटल्यावरही दोन दांड्यांमध्ये बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर तळहाताचे मांस चिमटते. ती जागा होती. खीळ ठोकून बसवलेली होती, स्क्रूची नव्हती. स्क्रू आवळता येतो हे खरे, पण तो सैल झाल्याचे कळते ते बोट कापल्यावर.

"किस चीज़ पर आज़माएँगी?" दुकानदाराने सुपारी पुढे केली. मी शेजारच्या दुकानातून पावशेर खारीक आणली. सुपारी कडक असते, एकदा तडकली की सुटते. खारीक चिवट. पाते चांगले नसेल तर ती नुसती दबते, तुटत नाही. इथे सरळ दोन फोडी झाल्या, बी बाजूला.

घरी आल्यावर खारकेची पिशवी आणि अडकित्ता मी वहिनीच्याच हातात दिला. "थंडी आहे, डिंकाचे लाडू करायचे म्हणत होतीस," एवढेच बोलले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने आत्यासमोर परात ठेवली. आत्याने नवा अडकित्ता दोनदा उघडमीट करून पाहिला, पात्याला खोबरेल तेलाचे बोट लावले आणि खारीक कातरायला बसली. धाकटा येऊन शेजारी बसला, बिया वेचू लागला. पाव किलो झाल्यावर मी आणखी ओतायला गेले तर "साकु, साकु," म्हणाली. हात दुखले असावेत. तसे म्हणाली मात्र नाही.

माळ्यावरचा डबा खाली आला नाही. ती मागणारही नाही असे वहिनीला वाटते. मला खात्री नाही.

निघायच्या दिवशी आत्याने जुना अडकित्ता फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. "बेळगावात लोहार आहे ना अजून कोणी? खीळ बदलून आण. घाई नाही, पुढच्या खेपेला आण."