सूचनाफलकावरचे गणित

विद्यार्थिमित्रहो, 'उपयोजित' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उपयोजित मराठीचा अभ्यास करताना तुम्ही अर्ज, सूचना, जाहिरात, इतिवृत्त असे लेखनप्रकार हाताळता. भाषा व्यवहारात कामाला लागली की ती उपयोजित होते, असे आपण म्हणतो. गणितालाही हेच विशेषण लागते. पावसाचा अंदाज, रक्ताचा प्रवाह, विम्याचा हप्ता, रेल्वेचे वेळापत्रक असे बाहेरच्या जगातले प्रश्न समीकरणांत मांडून सोडवू पाहणारे गणित ते उपयोजित गणित. पुण्यात पाषाण येथे असलेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत संशोधक मोसमी पावसाचा अभ्यास करतात, तेव्हा हवेच्या हालचाली मांडणारी समीकरणे महासंगणकावर सोडवावी लागतात. या गणिताशी माझी ओळख वर्गात झाली नाही. ती सूचनाफलकावर झाली.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चोवीस वर्षे लिपिक होते. गणित विभागाचे टपाल माझ्याकडे असे. आलेल्या सूचनेवर आवक क्रमांक घालायचा, ती विभागप्रमुखांना दाखवायची आणि काचेच्या फलकात लावायची, हे माझे काम. नोकरी आणि घर सांभाळून मी दूरशिक्षणाने मराठीची पदवी घेतली. त्यामुळे तुम्ही रात्री जेवणे आटोपल्यावर पुस्तक उघडता तेव्हा डोळ्यांवर येणारी झोप मला ठाऊक आहे.

फलकावर मुख्यतः तीन प्रकारच्या सूचना लागत. पहिली परिषदेची, दुसरी अभ्यासक्रमाची किंवा कार्यशाळेची, तिसरी नोकरीची. बहुतेक सूचना इंग्रजीत असत आणि मी मनातल्या मनात त्यांचे मराठी करीत असे. तसे करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. परिषदेच्या सूचनेत 'शोधनिबंध मागविण्यात येत आहेत' असे असते. अभ्यासक्रमाच्या सूचनेत 'इच्छुकांनी अर्ज करावेत' असे असते. नोकरीच्या सूचनेत मात्र 'पात्र उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत' असे असते. भाषेच्या विद्यार्थ्याने या तीन वाक्यांपाशी थोडे थांबावे. तिन्ही सूचना वाचणाऱ्याला काहीतरी विचारतात. तुम्हांला काय सापडले आहे, असे पहिली विचारते. तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे, असे दुसरी विचारते. तुमच्याजवळ कोणती प्रमाणपत्रे आहेत, असे तिसरी विचारते. प्रश्न वेगळे आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही वेगळीच असणार. एवढी साधी गोष्ट आयुष्यात किती महाग पडू शकते, ते पुढे सांगते.

आधी परिषदेविषयी. गणितज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1897 साली झुरिक येथे भरली आणि 2010 साली ती प्रथमच भारतात, हैदराबाद येथे भरली. उपयोजित व औद्योगिक गणिताची स्वतंत्र जागतिक परिषद बरीच अलीकडची. तिची सुरुवात 1987 साली पॅरिसला झाली. ती दर चार वर्षांनी भरते आणि 2023 साली ती टोकियोत भरली होती. हे मोठे मेळावे झाले. परंतु परिषदेचे मर्म मला समजले ते नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाच्या चरित्रातून.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणूला झाला. 1929 साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नाही. 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षे ते देवळालीला शिकवीत होते. त्यांना संख्यांचे वेड होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हीच कृती करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. पुढे 8730 वजा 0378 म्हणजे 8352. त्यापुढे 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता कितीही वेळा वजाबाकी करा, 6174 च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे पोहोचते. हा शोध कापरेकरांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे गांभीर्याने पाहिले नाही. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. तोवर त्यांना सेवानिवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

कापरेकरांचे गणित उपयोजित नव्हते, हे खरे. तरीही त्यांचे उदाहरण येथे देण्याचे कारण असे की, नोकरीच्या सूचनेने त्यांना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून कधी बोलावले नसते. परिषदेने मात्र त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तेथे जाताना त्यांच्या हाती एक वजाबाकी होती आणि ती पुरेशी ठरली.

दुसरे उदाहरण उपयोजित गणिताचे आहे आणि ते तुमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. धर्मानंद कोसंबी तुम्हांला मराठी लेखक म्हणून परिचित आहेत. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांचा जन्म 1907 साली गोव्यातला. ते गणिताचे प्राध्यापक. आनुवंशिकशास्त्रात गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्यासाठी त्यांनी 1944 साली दिलेले सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे त्यांनी प्राचीन नाणी तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरते, झिजते, हलके होते. तेव्हा वजनांच्या संख्याशास्त्रीय अभ्यासातून नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. ही नाणी कोणी पाडली, हा पुढचा प्रश्न त्यांना संस्कृत ग्रंथांकडे घेऊन गेला आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. गणित आणि वाङ्मय यांच्यामध्ये आपण भिंत मानतो. कोसंबींना ती आड आली नाही.

येथे शब्दाचा एक बारकावा नोंदवते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळुरूला या विषयाचे केंद्र आहे. त्याच्या नावात 'अप्लाइड' हा शब्द नाही, 'अॅप्लिकेबल' असा आहे. एकाचा अर्थ उपयोगात आणलेले, दुसऱ्याचा उपयोगात आणता येण्याजोगे. आज ज्याचा उपयोग दिसत नाही, त्याचा उद्या होऊ शकतो, एवढी जागा त्या एका प्रत्ययाने राखून ठेवली आहे.

आता आमच्या विभागातल्या एका प्राध्यापकांविषयी सांगते. त्यांचे नाव सांगत नाही. ते तासिका तत्त्वावर शिकवीत. जितके तास घ्यावेत तितके मानधन, आणि सुट्टीत काही नाही. पदव्युत्तर परीक्षेत पंचावन्न टक्क्यांहून अधिक गुण आणि सेट परीक्षा, ही दोन्ही अट त्यांनी केव्हाच पूर्ण केलेली. दर जूनमध्ये ते फलकापाशी येत, तिसऱ्या प्रकारची सूचना वाचीत, अर्ज करीत. मुलाखती होत. कधी पदच रद्द होई, कधी दुसऱ्याची निवड होई. अशी अकरा वर्षे गेली.

त्यांचा विषय होता अरुंद झालेल्या रोहिणीतून वाहणारे रक्त. एका वर्षी त्यांचा गोषवारा परिषदेसाठी स्वीकारला गेला. निबंधवाचनाचा सराव करायला त्यांना श्रोता हवा होता. शनिवारी दुपारी कार्यालयात मीच होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ऐका. तुम्हांला समजले तर मला समजले आहे असे मी धरीन." त्यांनी कागदावर नळी काढली आणि मधोमध ती आवळली. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे त्यांनी मला मराठीत सांगितले. 'विष्यंदिता' हा शब्द मला अडला. मी विचारले, "म्हणजे पाणी झरकन वाहते आणि मध सावकाश ओघळतो, तो गुण का?" ते हसले आणि त्यांनी ते उदाहरण आपल्या टिपणात लिहून घेतले.

परिषदेहून परतल्यावर त्यांनी मला वाचनापेक्षा चहाच्या वेळची हकीकत अधिक सांगितली. एका ज्येष्ठ गणितज्ञाने त्यांना गाठून विचारले होते, की रोहिणीची भिंत तुम्ही ताठ का धरली? ती तर लवचीक असते. या प्रश्नावर त्यांनी पुढे दोन वर्षे काम केले. नोकरी त्यांना मिळाली नाही. अखेरीस ते एका विमा कंपनीत गेले. तेथे जोखमीचे गणित मांडतात. जाण्यापूर्वी ते मला म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षे तिसऱ्या कागदाचे उत्तर पहिल्या कागदाच्या प्रश्नाला जोडत होतो. पद मिळत नाही, म्हणजे माझ्या कामात काही नाही, असे मला वाटू लागले होते. त्या भिंतीच्या प्रश्नाने मला वाचवले."

पात्र माणसाला पद न मिळणे हे दुःखच आहे. ते मी हलके करून सांगणार नाही. परंतु पदे थोडी असणे ही व्यवस्थेची गोष्ट आहे, तिच्यावरून माणसाच्या विद्येचे मोल ठरत नाही.

राहिला दुसरा कागद, 'इच्छुकां'चा. हा तुमच्यामाझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी 1993 पासून उन्हाळ्यात एक प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. 'एम.टी.टी.एस.' या नावाने तो ओळखला जातो. तेथे व्याख्याने देण्यापेक्षा विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून विचार करायला लावण्यावर भर असतो. आय.आय.टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 साली सुरू केलेल्या 'एन.पी.टी.ई.एल.' उपक्रमातील व्याख्याने कोणालाही विनाशुल्क ऐकता येतात. शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर. प्राध्यापक विमा कंपनीत गेल्यानंतर मी त्यातली कलनशास्त्राची व्याख्याने लावली. रोज रात्री अर्धा तास. बारावीनंतर गणित सुटलेले, वय सत्तेचाळीस. एकेक व्याख्यान तीन-तीनदा ऐकले. परीक्षा दिली नाही. आवळलेल्या नळीत वेग का वाढतो, हे स्वतःच्या हाताने मांडता यावे एवढीच माझी इच्छा होती. चौथ्या महिन्यात ते मांडता आले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही विषयात हे तीन कागद आहेतच. चर्चासत्राची सूचना, अभ्यासवर्गाची सूचना, पदभरतीची जाहिरात. पुढच्या वेळी त्यांपैकी एखादा हाती आला, की प्रथम त्याचा प्रश्न ओळखा. तिसऱ्या कागदाने नकार दिला तर तो नकार त्या कागदापुरताच ठेवा. पहिल्या कागदासाठी तुमच्या गावातल्या जात्यावरच्या ओव्या असतील, बाजारातले मापांचे शब्द असतील, एखादी जुनी दप्तरातली मोडी चिठ्ठी असेल. तिचा दोनशे शब्दांचा गोषवारा लिहा आणि अंतिम दिनांकाच्या आत पाठवा.