पानांनी मान टाकली तर

रत्नागिरी,
जानेवारीतला मंगळवार

प्रिय ठकी,



तुझे फोटो पोचले. टोरांटोहून दुपारी निघतात आणि इथे मध्यरात्री टुणकन वाजतात, त्यामुळे बघितले सकाळी, चहाबरोबर. कढीपत्त्यानं मान टाकली आहे, तुळशीनं तर अंगच टाकलंय, आणि तू लिहितेस की दिवसातून दोनदा पाणी घालूनही काही सुधारणा नाही. अगं, दोनदा घालतेस त्यातच तर सगळं आलं! हे पत्र वाचून होईपर्यंत झारी खाली ठेव बघू.

आमच्या रोपवाटिकेत तक्रार घेऊन येणारी बहुतेक माणसं हेच सांगतात. कलम नेलं, जिवापाड जपलं, रोज न चुकता पाणी घातलं आणि तरी गेलं. तहानेनं मेलेलं कुंडीतलं रोप मला क्वचित बघायला मिळतं. बुडून मेलेली मात्र ढिगानं बघितली आहेत.

पान ताठ राहतं ते पेशींमधल्या पाण्याच्या दाबानं. दाब उतरला की लोंबतं. म्हणजे लोंबणारं पान एवढंच सांगतं की वर पाणी पुरत नाहीये. का पुरत नाही, हे ते सांगत नाही. कुंडीत पाणीच नसेल, नाहीतर कुंडी पाण्यानं भरलेली असून मुळांना ते घेता येत नसेल. पान दोन्हीकडे लोंबतंच, आणि उपाय मात्र नेमके उलटे! मुळांनाही श्वास घ्यावा लागतो ना. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिथून त्यांना प्राणवायू मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की झालं. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट हळू सरकतो. गुदमरलेली मुळं पाणी आत घेण्याच्या वाटा मिटून घेतात, वर पानं तहानेली दिसतात, तुला दया येते आणि तू आणखी एक तांब्या ओततेस. पुढे त्या दमट अंधारात बुरशी शिरते आणि मूळकूज सुरू होते. मग मुळांची वरची साल चिमटीत निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो.

तू म्हणशील, मग आपल्याकडे पावसात झाडं कशी जगतात? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि तुझ्या माहेरच्या परसातला कढीपत्ता तेव्हाच सर्वांत टवटवीत! जगतात ती जांभ्यामुळे. जांभा पाणी धरून ठेवत नाही. रात्रभर कोसळलं तरी सकाळी अंगणात चप्पल घालून फिरता येतं. (हेच पाणी मे महिन्यात आठवून आपण विहिरीच्या तळाशी डोकावतो, ते वेगळं.) पण त्याच जांभ्याच्या सड्यावर, उघड्या कातळात सुरुंग लावून खड्डा केला, माती भरली आणि कलम लावलं, की जाणता बागायतदार पहिला प्रश्न विचारतो, पाण्याला बाहेर पडायला वाट कुठे? वाट नसेल तर आषाढात तो खड्डा हौद होतो आणि कलम ऐन पावसात सुकतं. तुझी कुंडी म्हणजे तसाच कातळातला खड्डा आहे, फक्त बैठकीच्या खोलीत ठेवलेला.

तळाशी खड्यांचा थर घातलास हे मोठ्या अभिमानानं लिहिलंयस. सगळ्यांच्या आज्यांनी तेच सांगितलेलं असतं, माझ्याही. पण बारीक मातीतून भरड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, माती अगदी ओथंबली तरच उतरतं. त्यामुळे जो चिखल तळाशी राहायचा, तो खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक खापर ठेवलं की पुरे. आणि कुंडीखालची ती सुंदर बशी रिकामी करत जा, तिथे तळं साचलेलं मला फोटोत दिसलं.

आता तपासणी. आधी कुंडी उचलून बघ. हसू नकोस, याहून चांगलं यंत्र माझ्याकडे नाही. भरपूर पाणी घालून निथळल्यावर एकदा उचलायची, ते वजन हाताला कळू द्यायचं, आणि मग रोज सकाळी उचलत राहायचं. हलकी लागली तरच पाणी. वरच्या मातीवर विश्वास ठेवू नकोस, विशेषतः मिश्रणात कोकोपीट असेल तर. आपल्या नारळाच्या सोडणाचा हा भुसा वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत पिळून पाणी निघेल इतका ओला असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघ. तुमच्याकडच्या पिशवीत बहुधा कॅनडातलंच पीट मॉस असणार, त्याची तऱ्हा आणखी निराळी. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी घ्यायचंच नाकारतं. वरून ओतलेलं कडेकडेनं वाहून बशीत येतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आणि मधला गोळा कोरडाच. तसं झालं असेल तर कुंडी पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास बुडवून ठेवायची. म्हणून म्हणते, वजन बघ.

पान चिमटीत धर. तहानेलं पान पातळ, कागदासारखं लागतं, कडा कुरकुरीत होतात, आणि पाणी मिळालं की तासा-दोन तासांत उठून बसतं. जास्त पाण्यानं लोंबलेलं पान बऱ्याचदा भरलेलं, जाडसर असतं आणि देठापासून खाली वाकतं. खालची पानं आधी पिवळी पडतात. पाणी घातल्यानं ते उठत नाही, उलट आणखी वाकतं. मातीचा वास घे. आंबूस, गटारासारखा आला तर निदान झालं. कुंडीभोवती बारीक चिलटं उडत असतील तर त्यांनीही तेच निदान केलेलं आहे, त्यांची पिल्लं ओल्या मातीतच वाढतात.

आणि केव्हा बघतेस, त्यालाही महत्त्व आहे. दुपारी वाकलेलं आणि पहाटे सरळ उभं असलेलं रोप आजारी नव्हे. उन्हात पानातून पाणी जितकं उडतं तितकं मुळांना पुरवता येत नाही, एवढंच. चिंच, लाजाळू ही मंडळी तर संध्याकाळ झाली की पानं मिटून झोपतात. खरी परीक्षा पहाटेची. पहाटेही मान खाली असेल तर मग काळजी करायची.

सगळीच पानं लोंबतात की काहीच, हेही बघ. आंब्याच्या कलमावर नवी पालवी येते ती तांबूस, मऊ, आणि अगदी गळून गेल्यासारखी खाली लटकते. शहरात नेलेल्या कलमाला पहिल्यांदा अशी पालवी आली की मला घाबरेघुबरे फोन येतात. कुणी पाणी वाढवतं, कुणी खत टाकतं, एका गृहस्थांनी तर छत्री बांधली होती! अहो, दोन-तीन आठवडे थांबा, पानं हिरवी होतील आणि आपोआप ताठ होतील. ती हापूसची कोवळी पोरं आहेत, त्यांच्या अंगात अजून ताठा आलेला नाही. मात्र एकच शेंडा लोंबला आणि बाकी रोप ठणठणीत असेल, तर तो मोडून उभा चिरून बघायचा. आत शेंडा पोखरणारी अळी सापडते. सगळं रोप एका दिवसात सुकलं आणि ओढताच हातात आलं, तर मुळाशी हुमणी नाहीतर वाळवी. कलम बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती खोडात रुतते आणि वरचा भाग उपाशी राहतो, तेही मी पुष्कळदा बघते. तुझ्याकडे यातलं काही नाही, पण पानांच्या खालून आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आहेत का ते बघ. तो पिठ्या ढेकूण, घरातल्या रोपांचा लाडका पाहुणा. ओल्या फडक्यानं पुसून काढ.

आता तुझ्या टोरांटोचं. तिथे या दिवसांत जेमतेम नऊ तास उजेड, आपल्याकडे अकरा. शिवाय खिडकीतून येणारा तुमचा उजेड म्हणजे सूर्याचा निरोप, सूर्य नव्हे. उजेड कमी, थंडी जास्त, म्हणजे वाढ थांबलेली, म्हणजे पाण्याचा खप जवळजवळ नाही. आणि तू जुलैच्या हिशेबानं घालतेस. वर कुंडी थेट काचेला टेकवलेली आहे. रात्री ती काच बर्फासारखी होते, माती गारठते, आणि गारठलेल्या मुळांना पाणी उचलवत नाही. कढीपत्ता दहा अंशांच्या खाली गेला की पानं टाकून झोपेत जातो. काचेपासून हातभर आत घे, आणि नळाचं पाणी रात्रभर घरात ठेवून मगच घाल. दुसरीकडे तो हीटर, त्याच्या कोरड्या झोतात पानांतलं पाणी भराभर उडतं. पाय गारठलेले आणि डोक्यावर कोरडा वारा, कुठलं रोप उभं राहील?

खताबद्दल तू विचारलंयस. नको! अजिबात नको. कुंडीच्या कडेला पांढरी साय धरली आहे ना, ते साचलेले क्षार आहेत. भरतीचं पाणी खाजणाचा बांध फोडून शिरलं की भात पाण्यात उभं असून कसं सुकतं, ते आपण शाळेत जाताना बघितलेलं आहे. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते ओढताच येत नाही. आजारी रोपाला खत घालणं म्हणजे तेच खारं पाणी घरात आणणं. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ती लोहाची कमतरता, पण तीही ओल्या, गार मातीत मुळं काम करत नाहीत म्हणून. मुळं सुधारली की बघू.

तर कर असं. कढीपत्ता कुंडीतून अलगद काढ. मुळं पांढरी, कडक असतील तर काहीच करू नकोस, परत ठेव आणि माती वाळू दे. तपकिरी, लिबलिबीत असतील तर तेवढी स्वच्छ कात्रीनं काप. मग मुळांना जेमतेम पुरेल अशी लहान कुंडी घे. मोठी घेऊ नकोस, रोप लहान आणि कुंडी मोठी असली की न प्यायलेलं पाणी तसंच साचून राहतं. मिश्रणात तिथे मिळतं ते परलाइट सढळ हातानं घाल. मुळं कापलीस तितकी वरची पानंही कमी कर, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळेल. नव्या कलमाच्या काडीवर आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीची टोपी घालतो, तशी सैल पिशवी आठवडाभर घाल, उन्हापासून लांब ठेव आणि रोज थोडा वेळ काढ. एकदा पाणी, आणि मग कुंडी हलकी होईपर्यंत काहीही नाही. वाट बघणं तुला जमणार नाही हे मला शाळेपासून माहीत आहे, पण बघ. बऱ्याचदा कढीपत्ता सगळी पानं टाकतो आणि मार्चमध्ये बुंध्यापासून फुटतो. नखानं साल खरवडून आत हिरवं दिसतंय तोवर फेकू नकोस.

तुळशीचं स्पष्टच सांगते, ती जाणार. थंडी तिला मुळीच सोसत नाही आणि मंजिऱ्या येऊन ती आधीच लाकूड झालेली दिसते. वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी काढून ठेव आणि मेमध्ये पेर. वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडेही वृंदावनातली तुळस बदलावी लागतेच.

तुझ्या तळघरातला शेजारी त्याच्या रोपाबद्दल मला विचारतो, त्याची मात्र कमाल! बाई भारतातली, म्हणजे तिला गांजाच्या रोपाचं दुखणं कळणारच! त्याला सांग, इथे १९८५ च्या कायद्यानं परवान्याशिवाय ते रोप लावणं गुन्हा आहे, आणि मी नारळ-आंबा-सुपारीवाली आहे. तुमच्याकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार रोपं चालतात हे तूच मला मागे कळवलं होतंस. पण तू जे वर्णन केलंस त्यात गांजाचं असं खास काही नाही. बोटभर रोप, बादलीएवढी कुंडी, काठोकाठ पाणी, डोक्यावर अगदी जवळ प्रखर दिवा आणि बंद तंबूत वारा नाही. तिथे मिरचीचं रोप असतं तरी त्यानं मान टाकलीच असती. दिव्याखाली पानांच्या उंचीवर तळहात धरायचा. हाताला चटका बसला तर पानांनाही बसतोच. दिवा वर घ्यावा, पाणी रोपाभोवती टीचभर गोलातच घालावं, आणि एक छोटा पंखा लावावा. यापुढे त्याला माझा पत्ता देऊ नकोस.

इथे मोहोर बरा आहे, पण दोन दिवस मळभ आलंय आणि सगळ्यांचे जीव टांगणीला लागलेत. मळभ म्हणजे तुडतुडे आणि भुरी. बागायतदार सकाळी आभाळाकडे बघतात आणि मग एकमेकांना फवारणी केली का विचारतात. दादाही त्यातलाच. परवा त्यानं बोर्डो मिश्रण केलं, १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना, आणि हात निळे करून जेवायला आला म्हणून वहिनी कडाडली. मी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून रोपं आणायला जाणार आहे. १९५५ पासूनचं ते केंद्र, आपण लहानपणी तिथल्या ठेंगण्या नारळाला हात पोचतो म्हणून उड्या मारायचो, आठवतं? सध्या नवी रोपं ठेवायला जागा करण्यात दिवस जातो.

पुढचे फोटो पाठवशील तेव्हा पानांचे नकोत, पानं पुष्कळ बघितली. कुंडीतून काढलेल्या मुळांचा पाठव, शेजारी पट्टी ठेवून, आणि कुंडीच्या तळाच्या भोकांचा एक. बशीचाही पाठव, रिकामी केल्याचा पुरावा म्हणून.

घरच्यांना नमस्कार.

तुझीच,
रोपवाटिकेवाली

ता. क. – तुझ्या आई विचारत होत्या की त्यांचा पुतण्या फेब्रुवारीत तिकडे येतोय, त्याच्या बॅगेत कढीपत्त्याचं चांगलं रोप देऊ का. मी नको म्हटलं. माती लागलेलं रोप विमानतळावर काढून घेतील, आणि कढीपत्त्यावर लिंबूवर्गात रोग पसरवणारी सिल्ला कीड बसते म्हणून त्याच्याबाबत अनेक देश जास्तच कडक आहेत. त्याऐवजी त्याच्याकडे कुळीथ पीठ आणि आमसुलं देतेय.