जात्यापाशी समोर बसणारा

माया, भक्ती आणि प्रेम यांतला फरक शोधू लागले की मला पंढरपुरातलं एक घर आठवतं. नामदेवांचं. तिथे ही तिन्ही एकाच छपराखाली नांदत होती.

गोणाई ही नामदेवांची आई. मुलगा संसाराकडे बघत नाही, देवळातून घरी येत नाही, म्हणून ती थेट विठ्ठलाशी भांडते. माझं लेकरू मला परत दे म्हणते. मायेला देवाचीही भीड नसते. नामदेवांची भक्ती मात्र उंबऱ्यात मावणारी नव्हती. कीर्तन करत ते पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या ग्रंथसाहिबात आजही त्यांची पदं आहेत.

आणि जनी. गंगाखेडची ही पोर लहानपणीच या घरात आली आणि स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. घरानं तिला माया दिलीच असेल, पण तिच्या हातचं दळण सुटलं नाही. एकटीनं दळायचं म्हणजे एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्यानं मूठमूठ वैरण घालायची. थोड्याच वेळात खांदा भरून येतो. समोर कुणी बसलं की तोच दगड हलका होतो. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं, ओवीही दोघींत वाटून घ्यायची. जनीच्या अभंगांतला विठ्ठल नेमका त्या रिकाम्या जागी येऊन बसतो. तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिला न्हाऊ घालतो. ती रागावली की त्याला अरेतुरे करून शिव्या देते, आणि तो त्या ऐकून घेतो. मला प्रेम म्हणून जे कळतं, ते हेच. नुसत्या भक्तीनं दासीला एवढा हक्क मिळाला नसता.

नामदेवांची भक्तीही एकदा अशीच खाली वाकली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेव स्वतः तिथे गेले, मातीच्या ढिगातून चोखोबांच्या अस्थी वेचून पंढरपुरात आणल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. दाराच्या बाहेर. चोखोबांच्या माणसांना ते दार ओलांडता यावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं.