डावे-उजवे

आमच्या घरी विमान आले ते रिक्षातून. खोका एवढा लांब होता की त्याचे एक टोक रिक्षाच्या बाहेर, आणि ते धरून बसलेला मीही निम्मा बाहेर. गल्लीतल्या आजींनी कट्ट्यावरूनच विचारले, "पाळणा आणलास काय रे? कुणाकडं?" विमान आहे म्हणून सांगितल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला तो मी घरात जाईपर्यंत काढला नाही.

हे विमान म्हणजे नवशिक्यांसाठी बनवलेले, रेडिओच्या साह्याने उडवायचे मॉडेल. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत 120 सेंटिमीटर, आणि वजन बॅटरीसकट किलोभराच्या थोडे वर. वर्गातल्या आम्ही चौघांनी वर्गणी काढून ते घेतले. माझी वर्गणी मात्र खरे म्हणजे बाबांची होती. जुना का होईना, एक लॅपटॉप घे म्हणून त्यांनी पैसे बाजूला काढून दिले होते. मी त्यांना सांगितले, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. बाबांनी प्रोजेक्ट म्हणजे काय ते विचारले नाही.

बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवतात. वाळूत पोकळी करून तिच्यात वितळलेले लोखंड ओततात हे आपण सर्वांनी पुस्तकात वाचले आहे. ती पोकळी ज्याच्या ठशाने तयार होते तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, म्हणून बाबांची मोजपट्टीच तेवढी वाढीव असते. लहानपणी मी ती पट्टी शाळेत नेत असे. भूमितीतले माझे एक-दोन मार्क तिनेच खाल्ले असावेत. अलीकडे फौंड्रीत नवे यंत्र आले आहे. संगणकावरच्या आकृतीवरून ते पॅटर्न कोरून देते, आणि बाबांकडे जुने पॅटर्न डागडुजी करून फळीवर ठेवण्याचे काम उरले आहे. घरी ते याविषयी बोलत नाहीत.

खोक्यावर 'जवळजवळ तयार' अशा अर्थाचे इंग्रजीत छापलेले होते. लग्ने जमवणारी मंडळी 'जवळजवळ जमलंच' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आत पंखाचे दोन अर्धे भाग, धड, शेपटीचे तुकडे, तारा, बिजागऱ्या आणि बोटाएवढ्या चार सर्वो मोटारी. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, आणि पंखाच्या कडेवर नख दाबून म्हणाले, "हे लाकूड? ह्यात खिळा बी ऱ्हाणार नाही."

ते बाल्सा होते. सागाच्या पाव हिश्श्याएवढेही त्याचे वजन भरत नाही. मी म्हणालो, "खिळे नसतात बाबा, चिकटवायचं असतंय." त्यांनी धड उचलून एका डोळ्याने नाकाकडून पाहिले. "मोटर वाकडी बसवल्यात. सरळ करून देऊ?"

मला हसू आले. मोटर मुद्दामच दोन-तीन अंश उजवीकडे आणि खाली झुकवलेली असते. पंखा फिरतो तेव्हा त्याच्या उलट पिळाने आणि त्याने मागे फेकलेल्या गरगरत्या वाऱ्याने विमान डावीकडे ओढले जाते. ते सावरण्यासाठी ही सोय असते. हे सगळे मी वर्गात शिकवावे तसे बाबांना समजावले. "मग बरं," म्हणून ते जेवायला गेले. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढचे काम आम्ही दोन संध्याकाळींत उरकले. पंखाचे दोन भाग मधल्या प्लायवूडच्या पट्टीवर इपॉक्सीने जोडले. शिकाऊ विमानाचे पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. विमान कलून एका बाजूला घसरू लागले की खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भेटते, तो जास्त उचल घेतो, आणि विमान आपले आपण सरळ होऊ पाहते. शेपटी चिकटवताना तिथला रंगीत प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावा लागतो, नाहीतर डिंक लाकडाला न लागता पापुद्र्यालाच लागतो. तो आम्ही काढला. शेपटी पंखाला समांतर आहे की नाही, ते डोळ्यांनी पाहिले. विमान टेबलावर आमच्याकडे तोंड करून ठेवले आणि रिमोटची काडी उजवीकडे दाबली. आमच्या उजव्या हाताच्या पंखाची मागची हलती पट्टी, म्हणजे एलरॉन, वर गेली. टाळ्या झाल्या.

सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र आहे. विमानतळाच्या आसपास अशी विमाने परवानगीवाचून उडवता येत नाहीत. 2021 च्या ड्रोन नियमांनी तर आकाशाची लाल, पिवळी, हिरवी अशी वाटणीच केली आहे. म्हणून आम्ही थेट उलट दिशेला खानापूर तालुक्यात गेलो. आमच्यातल्या एकाच्या मामांचे भाताचे शेत नुकतेच कापून मोकळे झाले होते. डिसेंबरातली रविवारची सकाळ, वारा नाही म्हटले तरी चालेल. एकाने हातातून विमान फेकले आणि ते खरोखरच चढले! मग एका झुळुकीने किंचित डावीकडे कलले. मी काडी उजवीकडे दिली. ते आणखी डावीकडे कलले. मी आणखी उजवीकडे दिली. त्या क्षणी मी काडी नुसती सोडून दिली असती तर पंखांच्या त्या उचललेल्या कोनाने विमान कदाचित स्वतःच सावरले असते. पण घाबरलेला माणूस काडी सोडत नाही. सगळे मिळून सात-आठ सेकंद. आमचा हुक्केरीचा मित्र "होय्तु!" एवढेच म्हणाला, आणि या कानडी शब्दाचे भाषांतर विचारण्याची गरज कुणालाच पडली नाही.

डावा पंख मध्यावर मोडला होता. मी विमान खोक्यात घालून माळ्यावर टाकले आणि घरी सांगितले की प्रोजेक्ट जमा केला.

आठवडाभराने रात्री खाली आलो तर खोका उघडा होता आणि बाबा दिव्याखाली पंख घेऊन बसले होते. त्यांनी मोडलेल्या कडा पात्याने कापून तिरक्या करून घेतल्या होत्या. सांधा सरळ न घेता लांब तिरका घेतला की डिंकाला धरायला जास्त जागा मिळते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशानं मोडलं?"

मी सगळे सांगितले. लॅपटॉपचेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तपासताना तू पुढनं बघितलास की मागनं?"

मी टेबलाकडे पाहिले आणि माझ्या लक्षात आले. विमानाचे तोंड माझ्याकडे असताना माझ्या उजव्या हाताला त्याचा डावा पंख असतो. काडी उजवीकडे दाबल्यावर त्याचा उजवा एलरॉन वर जायला हवा होता. आम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा डावा वर गेला होता. रिमोटमधली एक खूण बदलली असती तर काम झाले असते.

"मी बी असंच केलतो," बाबा म्हणाले. "तू लहान होतास तवा. ड्रॉइंग थर्ड अँगलचं होतं, मी फर्स्ट अँगलचं म्हणून वाचलो. उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा झाला. चाळीस नग परत भट्टीत गेले." मी विचारले, "मग?" म्हणाले, "मग काय. मालक काय बोलले नाहीत. त्येच जास्त लागलं."

ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

पुढचे चार दिवस विमान बाबांच्या हातात होते आणि मी हाताखाली. शेपटी त्यांनी सोडवून पुन्हा बसवली. नाकाच्या मध्यावर टाचणी रोवून तिला सूत बांधले आणि ते सूत शेपटीच्या दोन्ही टोकांना लावून पाहिले. आमच्या 'डोळ्यांनी पाहिलेल्या' शेपटीत चार मिलिमीटरचा फरक निघाला. प्रत्येक बिजागरी ओढून पाहिली, एक हातात आली. दुरुस्तीच्या डिंकाने डावा पंख जड झाला होता, म्हणून उजव्या पंखाच्या टोकाला आतून एक नाणे चिकटवले. वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर हवा होता. तिथे दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट लावून विमान उचलले तर ते शेपटीवर बसू लागले. बॅटरी पुढे सरकवत नेली, तेव्हा कुठे नाक जरासे खाली झुकून स्थिर झाले. पंखा काढून ठेवून एलरॉन तपासले. या वेळी मी मागे उभा होतो. बाबाही मागेच उभे होते, आणि तीन वेळा तपासल्यावर म्हणाले, "आणि एकदा."

जानेवारीत त्याच शेतात गेलो. बाबा मोटरसायकलवर मागे बसून पंख मांडीवर घेऊन आले. रिमोट चालू ठेवून मी तीस पावले लांब गेलो, मित्राने पट्ट्या हलताहेत म्हणून हात वर केला. विमान चढले, कलले, मी काडी उजवीकडे दिली आणि ते उजवीकडे आले. पाच मिनिटे ते आमच्याभोवती फिरले. बाबा आकाशाकडे पाहत नव्हते. माझ्या अंगठ्याकडे पाहत होते.

उतरताना मी जरा लवकर खाली आणले. चाके भाताच्या खुंटांत अडकली, नाक जमिनीला लागले, आणि पंख्याचे एक पाते तुटले. बाकी सगळे धड. बाबांनी तुटका तुकडा उचलून त्यावरची माती पुसली.

"हे 10 नि 5 काय लिवलंय?"

"पहिला इंचातला व्यास. दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात ते किती इंच पुढं जायला पाहिजे ते."

त्यांनी तो तुकडा उन्हात धरून त्याचा पीळ टोकापासून बुंध्यापर्यंत पाहिला. मग रुमालात बांधून खिशात घातला. "मुळाशी कोन जास्त हाय, टोकाला कमी," ते म्हणाले. "का रे?"