ओम्नीचा बंपर



एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. सावलीत जागा मिळाली नाही तर गाडी दिवसभर तापते, आणि काही वर्षांत बंपर, आरशांची कवचं, दारांच्या मुठी असं सगळं काळं प्लास्टिक राखेसारखं पांढुरकं पडतं. हा नुसता मळ नव्हे. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचे असतात. ऊन त्यातल्या लांब साखळ्या तोडतं आणि वरचा पापुद्रा भुकटीसारखा होतो. त्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती केवळ रंगासाठी नसते. अतिनील किरण ती स्वतःवर घेते, म्हणून आतलं प्लास्टिक टिकतं. असं ऊन सोसून पांढुरक्या झालेल्या वस्तूची आम्हांला तरी लाज वाटत नाही.

आमच्या मराठी मंडळीची ओम्नी अशीच झाली होती. रेल्वेच्या नोकरीसाठी जालना, औरंगाबाद, नगरकडून सिकंदराबादला आलेली आमची माणसं आता थकली आहेत. त्यांना रविवारी उपासनेला आणायला हीच गाडी होती. नाताळाच्या दिवसांत सारे मिळून मेदकचं कॅथेड्रल पाहायला जायचे, तेही हिच्यातूनच. ती विकायचं ठरलं ते मंडळीतल्या एका मावशींच्या डायलिसिससाठी. एकेका हजाराचा हिशेब होता.

तरुण संघातला एक जण म्हणाला, "गिऱ्हाईक यायच्या आधी खोबरेल चोळू. नवी दिसेल, चार-पाच हजार जास्त येतील." मुलगा वाईट नाही, मावशींना दवाखान्यात तोच नेतो. आणि तेलाने बंपर काळाभोर दिसतो हेही खरंच. पण तेलावर धूळ बसते आणि पावसात ते धुऊन जातं. स्वतःच्या गाडीला कुणी खुशाल लावावं. विकायच्या दिवशी लावलेलं तेल मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना लावलेलं असतं. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितलं आहे. (विसाव्या अध्यायात गिऱ्हाइकालाही सोडलेलं नाही बरं का: घेताना मालाला नावं ठेवायची आणि घरी जाताना बढाई मारायची!) पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "मावशींना हे सांगून पैसे देता येतील का?"

मग आम्ही चौघांनी शनिवारी गाडी कडुनिंबाखाली घेतली. शाम्पूचं पाणी, जुने दातांचे ब्रश आणि पुष्कळ चिंध्या. खरबरीत प्लास्टिकच्या खाचांत पूर्वीच्या पॉलिशचं मेण बसून पांढरं झालेलं असतं, ते ब्रशशिवाय निघत नाही. धुऊन वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. या पुसण्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण तेलकटपणा राहिला तर वरचा लेप धरत नाही. शेवटी राणीगंजहून आणलेला प्लास्टिकचा लेप पातळ लावला आणि रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी रंग छान उघडला होता. अगदी नव्यासारखा नाही, पण खरा.

धुतल्यामुळे आणखी एक गोष्ट उघडी पडली. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला बोटभर तडा होता. इतकी वर्षं तो धुळीखाली कुणाला दिसला नव्हता.

सोमवारी डबे पोचवण्याचा धंदा करणारे एक गृहस्थ आले. बंपरवरून हात फिरवून त्यांनी आपल्या हैदराबादी ढंगात विचारलं, "ये काला कित्ते दिन रहता?" काही महिने, मग पुन्हा लावावं लागेल, असं सांगितलं. तडाही आम्हीच दाखवला. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि दोन हजार कमी करून मागितले. आम्ही दिली.

ते दोन हजार अजून जमायचे आहेत. रविवारी म्हाताऱ्या मंडळींना आणायला दोन रिक्षा ठरवल्या आहेत, त्यांचं भाडंही आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी उपासनेनंतर खजिनदारांना भेटावं. मावशींची पुढची फेरी गुरुवारी आहे. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.