दहाव्या लेण्यातली नावं

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात दोन नावं मला नेहमी अडवतात. एक दर्शनी भागावर, ब्राह्मीत कोरलेलं: वासिठीपुत कटहादि. लेण्याचं मुख आपण दान दिलं, एवढंच तो सांगतो, तेही इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. दुसरं आत, खांबावरच्या चित्रावर खरवडलेलं: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. त्याची सही आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. तेव्हा लेणं दगडमातीने भरलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. लेणी त्याने ‘शोधली’ असं आपण पाठ केलं. वाघूरच्या खोऱ्यातल्या माणसांना ती ठाऊक होतीच.

मी पर्यटनाची समाजशास्त्रज्ञ. लोक काय बघतात यापेक्षा कसं बघतात, हे बघण्यात माझी उमर गेली. पीएचडीच्या दिवसांत डीन मॅकॅनेलचं ‘द टूरिस्ट’ (१९७६) आणि जॉन अरींचं ‘द टूरिस्ट गेझ’ (१९९०) उशाशी असायचं. आपली नजर आपल्या एकट्याची नसते, ती आधीच घडलेली असते, हे अरींकडून शिकले. पद्मपाणी आपण पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर पाहिलेला असतो. पहिल्या लेण्यातल्या अंधारात आपण तो फक्त ताडून बघतो.

ताडून न बघता आलेली एक गोष्ट मात्र फर्दापूरच्या टी-पॉइंटवर भेटली. गाड्या तिथेच थांबतात, पुढचे चार किलोमीटर बसने. मी प्रश्नावली घेऊन उभी होते. एका दगडवाल्याने माझ्या तळहातावर बोराएवढा स्फटिक ठेवला. “मॅडम, पैसे नकोत. येताना दुकान विसरू नका फक्त.” ही धंद्याची रीत, हे मी लगेच टिपून घेतलं. मग तो दगड उन्हात फिरवत म्हणाला, “विहीर खणताना निघतो हा. लेणी ज्या कातळात कोरलीत ना, त्याच्याच पोटातला.” खरंच होतं ते. दख्खनचा हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वारसा म्हणजे काय, यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यात हा दगड नव्हता, आणि तो विकणारा माणूसही नव्हता.

प्रबंधात तो ‘प्रतिसादक क्र. १४’ म्हणून आला. नाव छापायचं नाही हा आमच्या शास्त्राचा नियम, आणि तो योग्यच आहे. पण मी ते विचारलंसुद्धा नव्हतं, याची बोच अजून आहे. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं.

अजिंठ्याला जाल तेव्हा दहाव्या लेण्यात मान वर करून सही जरूर बघा. आणि बस पकडण्याआधी टी-पॉइंटवरच्या दगडवाल्याला, भाव करण्याच्या आधी, त्याचं नाव विचारा.