डावा हात

आपल्याकडे डाव्या हाताला मान नाही. प्रसाद घ्यायचा तो उजव्या हाताने, दक्षिणा द्यायची तीही उजव्याच हाताने. आणि एखादे काम अगदीच सोपे असले, की तो म्हणे डाव्या हाताचा मळ! परंतु पखवाज घेऊन बसलेल्या माणसाला हे कुणी सांगू नये. बोटांची नजाकत उजव्या हाताची खरी. पण भजन ज्या जमिनीवर उभे राहते, ती जमीन डाव्या हाताची. वाजवायला बसण्यापूर्वी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतात. तिच्या वजनाने चामड्याचे कंप मंदावतात आणि स्वर खाली उतरतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर मुका. आमचे अण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. चिमूटभर कणीक लावायची की काढायची, एवढ्यावर त्यांची पाच-दहा मिनिटे सहज जातात.

हे सांगण्याचे कारण एक ध्वनिमुद्रिका. ४५ फेऱ्यांची, लहानशी, १९७० नंतरच्या दशकातली. पाकिटावर भजने गाणाऱ्यांचे नाव ठळक छापले आहे. साथीदारांची नावे नाहीत. त्यातला पखवाज अण्णांच्या गुरूंचा. सारा गाव त्यांना बुवा म्हणत असे. बुवा गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यांचा फोटो नाही, दुसरे ध्वनिमुद्रण नाही. अण्णांनी ती तबकडी धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जपली होती. वाजवायला यंत्र मात्र घरात कधीच नव्हते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून साठलेल्या पैशांत मी जुन्या बाजारातून एक वापरलेला टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले आणि दिवाळीच्या सुटीत ते सारे ओझे एस.टी.ने घरी नेले.

तबकडी फिरू लागली. टाळ वाजले, गाणाऱ्यांचा गळा खोलीभर पसरला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. पहिले भजन संपल्यावर ते एवढेच म्हणाले, “बुवांचा डावा हात कुठं हाय गं?”

खरेच, उजव्या हाताचे बोल लखलखीत येत होते आणि डावा हात जणू बांधून ठेवला होता. बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवले, तर घरघर तेवढी वाढली. खर्ज असा बाहेरून ओतता येत नाही. तो कुठे अडला आहे हेच शोधावे लागते.

शोधताना प्रथम कळली ती तबकडीची स्वतःचीच गंमत. तेवढाच मोठा आवाज कोरायचा, तर खालच्या स्वराला खाचेत फार रुंद वळण लागते. १००० हर्ट्‌झच्या मानाने ५० हर्ट्‌झला वीसपट! तसे कोरले तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर वाढवतात. वाजवताना नेमके उलटे करून मूळ आवाज परत मिळवतात. या उलटसुलट हिशेबाचे माप अमेरिकेत १९५४ साली ठरले आणि पुढे जगभर चालू लागले. त्यानुसार २० हर्ट्‌झचा स्वर वाजवताना सुमारे १९ डेसिबलनी उचलावा लागतो. हे काम फोनो प्री-ॲम्प्लिफायर करतो. आमच्या ॲम्प्लिफायरला ती सोय नव्हती; मी त्याची छोटी डबी आधीच मध्ये जोडली होती. म्हणजे अडथळा तिथे नव्हता.

मग सुईचे वजन पाहिले. आमच्या कार्ट्रिजला २ ग्रॅम हवे होते; छोट्या डिजिटल काट्यावर जेमतेम सव्वा ग्रॅम भरले. हलकी सुई तबकडी जपते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती खाचेत नीट बसत नाही, मोठ्या वळणावर उडते आणि खाचेच्या भिंती खरवडते. मागचे वजन फिरवून काटा २ ग्रॅमवर आणला. आवाजाला थोडे अंग आले. अण्णा म्हणाले, “कणीक लागली.” पण डावा हात अजून आला नव्हता.

तो सापडला अण्णांनाच. पाणी प्यायला ते उठले आणि एका स्पीकरशेजारी थबकले. “हितं वाजतोय बघ!” मी गेले, तिथे खरोखर डाव्या हाताची धूम येत होती. दोन पावले मध्ये सरकले की गडप. दुसऱ्या स्पीकरपाशी गेले की पुन्हा हजर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असला पाहिजे. ५० हर्ट्‌झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब. छोट्या खोलीत अशा दोन उलट्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड, त्या बऱ्याचशा वाचतात. स्पीकरच्या तारा तपासल्या; त्या बरोबर होत्या. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक तारा असतात. पांढरी व निळी डाव्या वाहिनीच्या, तांबडी व हिरवी उजव्या. आधीच्या कुणा मालकाने पांढरी व निळी यांची अदलाबदल केली होती. बिघाड होता तोही डाव्याच बाजूचा! चिमट्याने दोन तारा बदलल्या, काम दोन मिनिटांचे.

सुई पुन्हा खाली आली आणि बुवांनी डावा हात टाकला. अण्णांचा स्वतःचा डावा तळवा मांडीवर आपोआप पडला, घासला गेला, उचलला गेला. समेआधी किंचित थांबून धूम घासायची बुवांची खोड मी अण्णांच्या हातात लहानपणापासून पाहिली होती. ती कुणाची होती, हे त्या दिवशी कळले.

पुढे मोह झाला. स्पीकर कोपऱ्यात सरकवले, कारण भिंतीजवळ खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात आणखी वाढतो. अण्णा मान हलवून म्हणाले, “आता नुसता घुमतोय, बोलत न्हाई.” आमची खोली दहा बाय दहा. दोन्हीकडचे अंतर सारखे, त्यामुळे ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर दोन्ही दिशांनी फुगतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणले, टर्नटेबल त्यांच्या टेबलावरून काढून भिंतीतल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवला; स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचायचा थांबला. घुमणे संपले, बोलणे उरले.

भारतीय तालवाद्यांच्या पुडीवरील शाईच्या वजनामुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडले. हे मी अण्णांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “त्यांनी मोजलं ते बरं झालं.”

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर तबकड्या पडलेल्या असतील. त्या खाली काढाव्यात. आवाज पातळ वाटला, तर नवा मोठा स्पीकर घेण्याआधी फोनोची जोडणी, सुईचे वजन, तारांची दिशा आणि खोलीतली जागा, एवढे क्रमाने पाहावे. नावे पाकिटावर छापायची राहून गेली, तरी माणसे खाचेत असतात. आमच्या पाकिटावर आता बॉलपेनने एक नाव वाढले आहे. अण्णांनी सांगितले आणि मी लिहिले.